स्वरयंत्रातल्या चामखिळी आणि इंजेक्शन: या चुका टाळा

पोर चार महिने घोगरं बोलतंय, दम्याचे दोन पंप संपले, तरी धाप जात नाही. अशी आई ओपीडीत आली की मी आधी पोराला खोल श्वास घ्यायला सांगते. दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते. स्वरयंत्रात चामखिळी असल्या तर घरघर श्वास आत घेताना येते, आणि आवाजही बसलेला असतो. तेव्हा पंप बदलत बसू नका, दुर्बिणीने घसा तपासून घ्या.

निदान झालं की घरचे म्हणतात, "डॉक्टर, एकदाच काय ते मुळासकट काढा." इथे मूळ नसतंच. या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात; त्याचे ६ आणि ११ हे प्रकार शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही दडून राहतात, म्हणून गाठी पुन्हा येतात. हट्टाने खरवडलं तर दोन्ही स्वरतंतू पुढच्या टोकाला एकमेकांना चिकटू शकतात. मग गाठी गेल्या तरी आवाज सुधारत नाही.

सगळ्यात मोठा घोळ इंजेक्शनचा. "आता सुई आहे, मग ऑपरेशन कशाला?" अहो, श्वासाची वाट मोकळी करायची ती ऑपरेशननेच, सुई मुख्यतः दोन ऑपरेशनांमधलं अंतर वाढवायला असते. म्हणून एक वही करा आणि प्रत्येक ऑपरेशनची, प्रत्येक डोसची तारीख लिहा. दर सहा आठवड्यांनी लागणारं ऑपरेशन पाच महिन्यांवर गेलं, तर औषध लागू पडतंय. वही नसली की "जरा बरं वाटतंय" यापलीकडे कुणालाच काही सांगता येत नाही.

औषधांची नावंही एकमेकांत मिसळतात. सिडोफोव्हिर हे विषाणूवरचं औषध, मुळात एड्सच्या रुग्णांतल्या डोळ्याच्या संसर्गासाठी १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. ते भूल देऊन थेट गाठीच्या जागी टोचतात. बेव्हासिझुमॅब गाठीचा रक्तपुरवठा तोडतं; तेही जागेवर टोचता येतं, पण गाठी श्वासनळीत किंवा फुप्फुसात उतरल्या असतील तर सलाईनमधूनच द्यावं लागतं. ते कॅन्सरचं औषध आहे हे ऐकून घाबरू नका, पण दर डोसआधी बीपी आणि लघवीतलं प्रथिन तपासायला विसरू नका. जखम भरायला ते उशीर लावतं, त्यामुळे दाढ काढायची असली तरी आधी सांगा. आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका, गाठी परत येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी पहिलं खास इंजेक्शन मंजूर झालं. ती बातमी व्हॉट्सॲपवर पाहून मुलांसाठी मागणारे भेटतात. ती मंजुरी प्रौढांपुरती आहे.

लस हा वेगळा विषय. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीवरची लस ६ आणि ११ या प्रकारांपासूनही संरक्षण देते, पण आधीच आलेल्या गाठी ती विरघळवत नाही.

आणि पुढचा डोस आठवड्यावर आहे म्हणून थांबू नका. श्वास घेताना गळ्याखाली खळगा पडत असेल, पोर आडवं झोपत नसेल, तर त्याच रात्री गाडी काढा.