सही करण्याआधी : लेखकाने आपला कॉपीराइट कसा जपावा

मराठवाड्यात लिहिणारा माणूस बहुधा शाळेत शिकवणारा किंवा शेती सांभाळणारा असतो. त्याची कविता वहीत उतरते, कविसंमेलनात वाचली जाते, तिथेच कुणीतरी तिचे चित्रीकरण करते आणि आठवडाभरात ती कवीच्या नावाविना हिंगोलीपासून धाराशिवपर्यंतच्या मोबाइलवर फिरू लागते. "नोंदणी केली नव्हती, आता काय बोलणार," असे म्हणून गप्प बसणारे अनेक जण मला भेटले आहेत. त्यांची ही समजूत चुकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना कागदावर किंवा संगणकात उतरली की हक्क लेखकाचा होतो, आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन मात्र, वेगळा करार नसल्यास, सहसा मालकाचे ठरते.

संरक्षण मांडणीला असते, कल्पनेला नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. ऊसतोडीला निघालेले कुटुंब हा विषय सर्वांचा आहे, त्यावरची तुमची वाक्ये आणि प्रसंगांची गुंफण तुमची आहे. जनाबाईंचे अभंग आणि एकनाथांची भारुडे सर्वांना खुली आहेत, परंतु त्यांवर तुम्ही लिहिलेले विवेचन किंवा त्यांचा तुम्ही केलेला अनुवाद तुमचाच राहतो.

नोंदणी सक्तीची नसली तरी ती करावी, कारण नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नमुना १४ भरून एका साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क भरले की अर्जाचा क्रमांक, म्हणजे डायरी क्रमांक, मिळतो; त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. नोंदणी होईपर्यंत आणि त्यानंतरही मूळ वही, तारखांसह जपलेले कच्चे खर्डे आणि संपादकांशी झालेला ईमेल पत्रव्यवहार टाकून देऊ नये.

हक्क खरा निसटतो तो मात्र करारावर सही करताना. पहिले पुस्तक निघते आहे या आनंदात लेखक छापील कागद न वाचता "सर्व हक्क प्रकाशकाकडे" या ओळीखाली सही करतो, आणि पुढे आवृत्ती, अनुवाद, श्राव्य रूप, चित्रपट यांपैकी कशावरच त्याचा शब्द चालत नाही. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, शिवाय त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, हे नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून केवळ पुस्तकाच्या छपाईचा हक्क, ठरावीक आवृत्तीपुरता किंवा वर्षांपुरता द्यावा. उर्दू, कन्नड, तेलुगू अनुवादाचा हक्क स्वतःकडे ठेवावा, कारण आपल्या भागातील वाचक या भाषांतही आहेत. दिवाळी अंकाला कथा देताना "एकदाच छापण्यासाठी" एवढे पत्रात लिहिले तरी पुढचे बरेच वाद टळतात. हक्क विकल्यानंतरही कलम ५७ नुसार ही कृती आपली आहे असा दावा करण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक ठरणाऱ्या बदलांना हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे उरतो.

चोरी आढळल्यास आधी पडद्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट), दुवा (लिंक) आणि तारीख जपून ठेवावी, मग संबंधिताला लेखी नोटीस द्यावी. मजकूर साठवणाऱ्या संकेतस्थळाकडे रीतसर तक्रार केल्यास, तिच्यात तथ्य असल्याची खात्री पटल्यावर, त्याने ३६ तासांत तो मजकूर लोकांपासून दूर करायचा असतो. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. दाव्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही, कारण कलम ६२ नुसार लेखक जिथे राहतो त्याच जिल्हा न्यायालयात, म्हणजे परभणीच्या लेखकाला परभणीतच, तो दाखल करता येतो.