कॅनडातला डिसेंबर: ज्येष्ठांनी पैसा, फोन आणि पाय कसे सांभाळावेत

कॅनडात डिसेंबरची पेन्शन लवकर येते आणि पंचाईत तिथूनच सुरू होते. ओल्ड एज सिक्युरिटी आणि कॅनडा पेन्शन प्लॅनचे पैसे एरवी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पडतात. डिसेंबरात मात्र सरकार ते नाताळाआधीच देऊन मोकळं होतं. 2024 मध्ये ते 20 डिसेंबरला आले आणि पुढचे थेट 29 जानेवारीला. म्हणजे मध्ये 40 दिवस! 2025 मध्ये 22 डिसेंबर आणि मग 28 जानेवारी. याच दिवसांत नातवंडांच्या भेटी, नाताळाच्या दुसऱ्या दिवशीचे, म्हणजे बॉक्सिंग डेचे सेल, 1 तारखेचं भाडं, थंडीने फुगलेलं गॅसचं बिल आणि संक्रांत.

खाली दिलेले आरोग्यविम्याचे नियम ऑन्टॅरिओचे आहेत. इतर प्रांतांत ते वेगळे असतात. पेन्शनचे नियम केंद्र सरकारचे, म्हणून सगळीकडे सारखे. फक्त क्युबेकमध्ये कॅनडा पेन्शन प्लॅनच्या जागी त्यांची स्वतःची पेन्शन योजना आहे.

पैसे जमा झाले त्याच दिवशी

एक कागद घ्या आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत कोणत्या तारखेला काय भरायचं आहे ते तारखेनुसार लिहा: भाडं किंवा मॉर्गेज, हायड्रो (म्हणजे वीज), गॅस, फोन, औषधं. तेवढी रक्कम लगेच दुसऱ्या खात्यात हलवा. दुसरं खातं नसेल तर बँकेत विचारा. ज्यांना जीआयएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांचा पूरक भत्ता मिळतो, त्यांना बऱ्याच मोठ्या बँका महिन्याच्या फीशिवाय खातं देतात. भेटींचा आकडा सगळ्यात शेवटी, उरलेल्यातून ठरवा. क्रेडिट कार्डावर घेतलेलं खेळणं जानेवारीच्या बिलात येतं, आणि पेन्शन तोवर आलेली नसते.

भेटीबद्दल माझं मत विचाराल तर चौथी रिमोटची गाडी देऊ नका. मुलाने किंवा सुनेने नातवाच्या नावाने आरईएसपी, म्हणजे शिक्षणासाठीचं बचत खातं उघडलं असेल, तर पैसे त्यांच्याकडे देऊन त्यात भरायला सांगा. त्यावर सरकार 20 टक्के घालतं, वर्षाला 500 डॉलरपर्यंत. तुमचे 200 डॉलर तिथे 240 होतात. लहानग्याला उघडायला काहीतरी लागतंच, त्यासाठी एक गोष्टीचं पुस्तक पुरे.

31 डिसेंबर ही आणखी काही कामांची शेवटची तारीख असते. यंदा 71 पूर्ण होत असतील तर आरआरएसपी, म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं, या तारखेच्या आत बंद करायचं असतं. बहुतेक जण ते रिफ, म्हणजे निवृत्तीनंतर पैसे काढत राहायच्या खात्यात बदलून घेतात. मोठ्या खर्चासाठी टीएफएसए या करमुक्त बचत खात्यातून पैसे काढायचे असतील तर डिसेंबरात काढा. काढलेली रक्कम पुन्हा भरायची मुभा 1 जानेवारीला मिळते. जानेवारीत काढलेत तर तिच्यासाठी पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागतं. जीआयएस घेणाऱ्यांनी हे तर नीट लक्षात ठेवावं: आरआरएसपी किंवा रिफमधून काढलेले पैसे उत्पन्नात धरले जातात आणि पुढच्या जुलैपासून जीआयएस घटतो. टीएफएसएतून काढलेले धरत नाहीत. नातीच्या लग्नाला आरआरएसपी मोडणारे आजोबा या फरकाला हमखास फसतात.

नातवाच्या आवाजातला फोन

दुपारी घरात तुम्ही एकटेच असता. फोन वाजतो. पलीकडून रडवेला आवाज: "ग्रँडमा?" तुम्ही घाबरून विचारता, "कोण, रोहन का?" झालं, त्याला नाव तुम्हीच दिलंत. मग रोहन सांगतो की गाडीला अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, नाक फुटलंय म्हणून आवाज असा येतोय, आणि कृपा करून डॅडला सांगू नकोस. लगेच फोनवर 'वकील' येतो. जामिनाला 9,000 डॉलर रोख लागतील, कोर्टाचा आदेश आहे त्यामुळे कोणाशी बोलायचं नाही, आमचा माणूस अर्ध्या तासात घरी येऊन पाकीट घेऊन जाईल.

सुट्टीच्या दिवसांत हे सहज खरं वाटतं, कारण नातवंडं खरोखरच प्रवासात असतात आणि रस्ते खरोखरच निसरडे असतात. आता संगणकाने हुबेहूब आवाजही काढता येतो, त्यामुळे "पण आवाज त्याचाच होता" यावर जाऊ नका. कॅनडातलं कोणतंही कोर्ट जामिनाची रोकड न्यायला दारात माणूस पाठवत नाही.

तेव्हा असं करा:

1. फोन ठेवा. उद्धटपणा वाटला तरी ठेवा.
2. स्क्रीनवर पोलिसांचं किंवा बँकेचं नाव दिसलं तरी त्या नंबरावर उलटा फोन करू नका. ते नाव खोटं दाखवता येतं. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर नातवाला, तो न उचलेल तर त्याच्या आईवडिलांना फोन करा.
3. घरात आधीच एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. नातवाचं लाडाचं नाव नको, ते फेसबुकवरच्या वाढदिवसाच्या फोटोखाली सगळ्यांना दिसतं. त्याला अजिबात न आवडणारी भाजी चालेल. "पडवळ" हा शब्द टोरांटोतल्या कुठल्याही भामट्याला सुचणार नाही.
4. पैसे गेलेच असतील तर आधी बँक, मग पोलीस आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटर: 1-888-495-8501.

चौथ्या पायरीवर आपली माणसं अडतात. मुलाला कळलं तर तो बँकेचं कार्ड काढून घेईल या धास्तीने आजोबा गप्प बसतात आणि परत मिळू शकले असते ते पैसेही जातात. मुलांनो, हे वाचत असाल तर "असं काही झालं तर मी ओरडणार नाही" एवढं आईबाबांना आजच सांगून टाका.

बाकीच्या फसवणुकी थोडक्यात. सरकारचं कर खातं गिफ्ट कार्डात कर मागत नाही. दुकानातून कार्ड आणून मागचा नंबर वाचून दाखवा असं म्हणणारा प्रत्येक माणूस चोर. पार्सल अडकलंय, दोन डॉलर भरा असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका. दारात घर तापवणारी भट्टी तपासायला न बोलावता आलेल्याला आत घेऊ नका.

बर्फात चालताना

ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा काळ्या बर्फाची भीती जास्त. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं, डांबर नुसतं ओलं दिसतं आणि पाय सटकतो. टोरांटोत डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून किराणा, औषधं, डॉक्टर ही कामं अकरा ते तीनमध्ये उरका.

बूट घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. टोरांटो रिहॅब संस्थेतले संशोधक खऱ्या बर्फाच्या उतारावर माणसांना चालवून बुटांची चाचणी घेतात आणि 'रेट माय ट्रेड्स' या संकेतस्थळावर त्यांना हिमकणांचे गुण देतात. महागड्या बुटांनाही तिथे कधीकधी भोपळा मिळतो. बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते बाहेर उत्तम. मॉलच्या किंवा मेट्रो स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर मात्र तेच घसरवतात, म्हणून दारातच काढा. पेंग्विनसारखी छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. काठी वापरत असाल तर तिच्या टोकाला बसणारा बर्फाचा काटा औषधाच्या दुकानात मिळतो.

ड्राइव्हवेवरचा बर्फ साठीनंतर उपसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, हृदयाचा त्रास असेल तर नक्कीच नको. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि त्यात ओला बर्फ उचलायचा म्हणजे हृदयावर दुहेरी ताण. कोणीच नसेल तर उचलू नका, ढकला, आणि मध्येमध्ये थांबा. अनेक शहरांत ज्येष्ठांना बर्फ काढून देण्याची सोय असते. तुमच्या शहराची 311 ही हेल्पलाइन असेल तर तिथे विचारा. नोंदणी बहुधा बर्फ पडायच्या आधीच करावी लागते.

घरात चकल्या तळताना धूर नको म्हणून स्मोक अलार्मची बॅटरी काढणारी घरं मला ठाऊक आहेत. एग्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, बॅटरीला हात लावू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही तपासा. भट्टीचा विषारी वायू नाकाला कळत नाही.

हिवाळ्यात पुण्याला जाणार असाल तर

बरेच जण दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि आंबे खाऊन परततात. इथे महिने मोजा. जीआयएस निघालात तो महिना आणि पुढचे 6 महिने मिळतो, मग थांबतो. ऑक्टोबरात निघालात तर एप्रिलपर्यंत. मे महिन्याचा हापूस महागात पडतो! ओल्ड एज सिक्युरिटीलाही हाच नियम आहे, पण वयाच्या 18 नंतर कॅनडात 20 वर्षं राहिला असाल तर ती बाहेरही मिळत राहते. ओहिपसाठी, म्हणजे ऑन्टॅरिओच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, कोणत्याही 12 महिन्यांत 153 दिवस प्रांतात असावं लागतं. परदेशातल्या हॉस्पिटलसाठी ओहिप दिवसाला फार तर 400 डॉलर देतं, म्हणून प्रवासविमा हवाच. घेताना 'स्थिर' आजाराची अट वाचा: ठरलेल्या मुदतीत बीपीच्या गोळीचा डोस बदलला, अगदी कमी केला, तरी तो आजार विम्यातून वगळला जाऊ शकतो. बंद घराच्या विम्यातही हिवाळ्यात कोणीतरी ठरावीक दिवसांनी येऊन बघण्याची अट असते. शेजाऱ्याला किल्ली द्या.

उलट, सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, इकडे आलेल्या आईबाबांना ओहिप मिळत नाही. त्यांचा किमान 1,00,000 डॉलरचा विमा घेतलेला असतोच. त्या पॉलिसीचा नंबर आणि कंपनीचा आपत्कालीन फोन फ्रिजवर चिकटवा.

सुट्टीत करायचं काय

मुलं कामावर, बाहेर उणे पंधरा, आणि टीव्हीवर तेच ते. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या मॉलमध्ये सकाळी गेलात तर दुकानं उघडायच्या आधीपासून बुटांची फटफट करत फेऱ्या मारणारे पंजाबी बाबाजी आणि गुजराती काका दिसतील. त्यांच्यात सामील व्हा. ऊब आहे, फरशी कोरडी आहे, स्वच्छतागृह जवळ आहे. टोरांटोत ॲलन गार्डन्सच्या काचघरात प्रवेश फुकट आहे. बाहेर बर्फ पडत असताना आत ताडमाडांच्या दमट हवेत चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटं कोकणात आल्यासारखं वाटतं. नायगाराला नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत दिव्यांचा उत्सव असतो, तोही फुकट. टोरांटो परिसरातल्या गो ट्रेनमध्ये 65 नंतर जवळपास निम्मं भाडं पडतं.

सणाच्या दिवसांत मन फार खाली गेलं तर 988 वर बोलता येतं, दिवसरात्र. जेवणाचे डबे, औषधाला नेणारी गाडी किंवा रोज विचारपूस करणारा फोन हवा असेल तर 211. तातडीची नसलेली दुखणी 811 वर.

मराठी भाषिक मंडळ, टोरांटो किंवा तुमच्या गावातल्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम असेल तर तिकिटासोबत परतीची गाडीही आधीच ठरवा. कोण सोडणार आहे, त्याचा फोन नंबर काय, आणि त्या रात्री वादळाचा इशारा आला तर कार्यक्रम रद्द झाल्याचं कोण कळवणार, हे तिन्ही पक्कं करून घ्या.