फ्लॅट भाड्याने देण्याआधी बाथरूममध्ये पाणी साठवून बघा

पुण्यात कर्वेनगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. सोळा वर्षं आम्ही तो भाड्याने देतोय. परवा पुतणीचा फोन आला, "काकू, आमचा जुना फ्लॅट भाड्याने द्यायचाय, कुठून सुरुवात करू?" म्हटलं, रंगारी नंतर बोलव. आधी बाथरूममध्ये पाणी साठव.

नहाणीच्या जाळीत जुना पंचा घट्ट कोंबायचा आणि दोन बोटं पाणी साठेल इतक्या बादल्या ओतायच्या. पाण्याच्या कडेला टाइलवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि चोवीस तास दार लावून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बरंच खाली गेलेलं असेल तर ते कुठेतरी मुरतंय. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघायचं. आमच्या खालच्या वहिनींकडे मला ताटाएवढा ओला डाग दिसला होता. टाइल्सच्या फटी खरवडून पुन्हा भरल्या, नहाणीचा ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा सांडपाण्याचा भाग, बदलला, चार दिवसांत काम झालं. घरात माणसं राहायला आल्यावर याच कामाला महिना लागतो आणि शेजाऱ्यांशी वाद होतो तो वेगळाच.

रंग पावसाळ्यानंतरच. पश्चिमेची भिंत ओली असताना रंग दिला की दिवाळीपर्यंत पोपडे निघतात. हॉलला पुसता येईल असा रंग द्या, बेडरूमला साधा डिस्टेंपर चालतो. प्रत्येक प्लगमध्ये फोनचा चार्जर लावून बघा, गीझर अर्धा तास चालवा, खिडक्यांच्या मच्छरजाळ्या नीट करा, गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधा. माझा नियम साधा आहे. त्या घरात एक रात्र मला स्वतःला सुखाने झोपता आलं पाहिजे. झोपता येत नसेल तर ते भाड्याने द्यायला तयार नाही.

आता कागद. इथे आम्ही पोळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या भाडेकरूशी आम्ही अकरा महिन्यांचा कागद फक्त नोटरी करून घेतला. 'अकरा महिन्यांपर्यंत रजिस्टर करावं लागत नाही' असं एजंटने सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. मुदत संपली, तोंडीच 'राहा' म्हणालो. पुढे घर हवं होतं तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, भाडं वाढवायचं नाही आणि तीन वर्षं राहायचं असं ठरलं होतं. असं काही ठरलं नव्हतं, पण आमच्या हातात काय होतं? घर रिकामं व्हायला सात महिने गेले.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला परवानगी देणारा, करार रजिस्टर असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि त्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

खर्चही फार नाही. मुदतीतलं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल, तर अकरा महिन्यांचे साधारण पाचशे-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं, एजंट मशीन घेऊन घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही ऑनलाइनच कळवा, हे टाळू नका.

भाडं ठरवताना दोन गोष्टी आधी वजा करा. स्वतः राहणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात देते ती ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला मिळत नाही. आणि सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलेले जादा पैसे. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि त्या हिशोबात मिळकतकर धरायचा नाही. आमच्या सोसायटीने एकदा मेंटेनन्सच्या दुप्पट मागितलं होतं. ही दहा टक्क्यांची मर्यादा घालणाऱ्या १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाची प्रत अर्जासोबत जोडली, पुढच्या महिन्यात बिल दुरुस्त होऊन आलं. इन्कम टॅक्समध्ये भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणून कराच्या पावत्या जपा.

माणूस कसा निवडायचा? मी नोकरी कुठे ते विचारते आणि आधीच्या घरमालकाशी फोनवर बोलते. जात विचारत नाही, ताटात काय असतं तेही नाही. नोकरी करणाऱ्या तीन मुली चार वर्षं राहिल्या, त्यांच्याइतका स्वच्छ ओटा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. "बॅचलरना घर नको" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

किल्ली देताना भाडेकरूला सोबत घेऊन घरभर फिरा. भिंती, ओटा, कमोड, पंखे, सगळ्याचे फोटो काढा, वीजमीटरच्या आकड्याचाही, आणि तिथल्या तिथे त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. किती किल्ल्या दिल्या ते करारात लिहा. गीझर बिघडला तर कुणी दुरुस्त करायचा, बल्ब कुणी बदलायचा, घर सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, हेही लिहाच. आम्ही एक महिना ठेवतो, दोघांनाही सारखाच.

घर सोडायच्या दिवशी तेच फोटो उघडून तसंच फिरायचं. खिळ्यांची भोकं, मळलेल्या भिंती ही वापराची झीज, तिचे पैसे कापू नयेत असं माझं ठाम मत आहे. बेसिन फुटलं असेल तर प्लंबरचं बिल दाखवून तेवढेच कापायचे. शेवटच्या वीजबिलापुरती रक्कम ठेवून बाकीचं डिपॉझिट मी त्याच संध्याकाळी बँकेतून पाठवते, कारण त्यांना नव्या घराचं डिपॉझिट त्याच दिवशी भरायचं असतं.