दोन जिवाची बाई आणि हातात पैसा कमी: ताटात रोज पाच तऱ्हेचं खाणं कसं आणायचं

गरोदर बाईने काय खावं असं विचारलं की लगेच काजू-बदाम, डाळिंब, नारळपाणी, डब्यातली प्रोटीन पावडर अशी लिस्ट येते, आणि रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ती लिस्ट ऐकूनच बाई गप्प होते. इंदूरला मालवा मिल, परदेशीपुरा, नंदानगरकडे आपली कितीतरी मराठी घरं आहेत, बुऱ्हाणपूर-जळगावकडून बांधकामावर आलेली कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. इथल्या ठेल्यावर आणि कंट्रोलच्या म्हणजे रेशनच्या दुकानात जे मिळतं त्यातूनच चांगलं ताट होतं. फक्त ते ठरवून करावं लागतं, आणि ते ताट तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आधी काल काय खाल्लं ते मोजा

बायकांच्या आहारासाठी अन्नाचे दहा गट धरतात. धान्य आणि आलू-रताळ्यासारखे कंद हा एक गट, मग डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी भाज्या-फळं (गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई, आंबा), बाकीच्या भाज्या, बाकीची फळं. एका दिवसात, म्हणजे २४ तासांत, यातले निदान ५ गट पोटात गेले पाहिजेत, आणि गट मोजायला निदान मोठा चमचाभर तरी खाल्लेलं हवं, फोडणीतला टोमॅटोचा तुकडा धरायचा नाही.

आता कालचा दिवस आठवा. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि आलूची भाजी, संध्याकाळी चहा-टोस्ट, रात्री परत पोळी-आलू किंवा भात. पोट भरलं, पण हे सगळं मिळून गट एकच झाला कारण आलू पण धान्याच्याच गटात जातो! हे बहुतेकांना माहीतच नसतं, भाजी खाल्ली म्हणजे झालं असं वाटतं.

मग जे रोज होतं त्यातच एकेक वस्तू घाला

नवीन पदार्थ शिकायची गरज नाही. पोहे होणारच आहेत तर त्यात मूठभर शेंगदाणे टाका, वरून मोड आलेली मटकी नाहीतर मूग शिजवून घाला, उसळ-पोहे आपल्याला काही नवीन नाहीत, आणि लिंबू पिळा. इथे सकाळीच दोन-तीन गट झाले. लिंबू नुसतं चवीला नाही बरं का, डाळी आणि पालेभाजीतलं आयर्न अंगी लागायला व्हिटॅमिन सी मदत करतं. हिवाळ्यात आवळा आणि जाम म्हणजे पेरू स्वस्त असतात, तेव्हा ते रोज खा. जिलेबी कधीतरी खाल्ली तर काही नाही पण ती कुठल्याच कामाच्या गटात मोजू नका, आणि सेव चिमूटभरच कारण त्यात तेल-मीठ खूप.

पालेभाजीसाठी तर बहुतेक वेळा पैसेसुद्धा लागत नाहीत. मंडीत संध्याकाळी फुलकोबीची पानं आणि मुळ्याचा पाला ठेलेवाले काढून टाकतात, ताजा पाला मागितला तर सहसा देतात. दोन-तीन पाण्यांत धुवून, बारीक चिरून डाळीत टाका किंवा बेसन लावून परता. सुरजन्याचं म्हणजे शेवग्याचं झाड वस्तीत कुठेतरी असतंच, त्याचा पाला पण तसाच करायचा. बथुआ म्हणजे चाकवत, मेथी, पालक ज्याचा सीझन असेल तो.

प्रोटीनचं म्हणाल तर मालवा सोयाबीनचा मुलूख आहे, सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्थाच इंदूरला आहे, आणि तरी आपल्या घरांत सोयाबीन खायच्या वस्तूंत धरतच नाहीत! सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. सोयाच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून रश्शात टाका, आठवड्यातून दोन-तीनदा. दाणा वापरायचा तर भिजवून नीट शिजवूनच, कच्चा नाही. जे अंडी खातात त्यांनी अंडं सोडू नये, पूर्ण उकडलेलं खावं, आणि ते गरम पडतं म्हणून बंद करायचं काही कारण नाही. जे अंडं-मांस काहीच खात नाहीत त्यांनी दूध-दही-ताक यातलं काहीतरी रोज घ्यायलाच हवं कारण बी-१२ डाळ-भाजीतून मिळत नाही.

दिवसाचं एक ताट असं बसतं बघा: सकाळी मटकी-शेंगदाणे घातलेले पोहे, दुपारी ज्वारीची भाकरी आणि फुलकोबीच्या पानांची डाळ, चार वाजता फुटाणे आणि एक जाम, रात्री लाल भोपळा घातलेली खिचडी आणि वाटीभर ताक. धान्य, डाळ, शेंगदाणे, पाला, भोपळा, फळ, ताक, सात गट झाले.

किती जास्त खायचं

दोन जणांचं खायचं असं नाही, पण कमीही खायचं नाही. बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल म्हणून पोटभर खाऊ न देणं हे अजूनही घराघरांत चालतं आणि त्याने बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, आईचं रक्त कमी पडतं. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण आणि एक केळं. एकदम जात नसेल, मळमळ होत असेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं.

ताट आधी तिचं वाढा

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. घरात डाळ असते, भाजीही असते, पण आधी पुरुष जेवतात, मग मुलं, मग सासूबाई, आणि तिच्या वाट्याला येते तेव्हा पातेल्याच्या तळाशी रस्सा उरलेला असतो. सासूबाईंनो, नवऱ्यांनो, हे फक्त तुमच्याच हातात आहे, ती स्वतः मागणार नाही. स्वयंपाक झाला की पहिली वाटी तिच्या नावाची बाजूला काढा, नाहीतर सगळे सोबत बसा.

आंगनवाडीच्या पाकिटाचंही तेच होतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर बाईला आंगनवाडीतून पोषण आहार फुकट मिळायला पाहिजे, त्यात दिवसाला सुमारे ६०० कॅलरी धरलेल्या आहेत, पण पाकीट घरी आलं की अख्खं घर खातं. ते तिचं आहे. नाव लिहिलेलं नसेल तर आंगनवाडीच्या दीदीला किंवा आशा दीदीला सांगून पहिल्या तीन महिन्यांतच लिहून घ्या, तिथेच जच्चा-बच्चा कार्डाचं (आई-बाळाच्या तपासण्या लिहायचं कार्ड) आणि मातृ वंदना योजनेचंही विचारा, पहिल्या बाळासाठी त्यात ५००० रुपये मिळतात. महाराष्ट्रातलं रेशनकार्ड असलं तरी धान्य इथल्या दुकानातून उचलता येतं, अंगठा मात्र लागतो.

गोळ्या आणि चहा

कितीही चांगलं खाल्लं तरी आयर्नची गोळी घ्यायचीच, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शौच काळी होते, घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घ्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि चहा! जेवणासोबत आणि गोळीसोबत चहा घेतला तर आयर्न शरीरात नीट जातच नाही, तासभर आधी-नंतर चहा नको.

माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लपवू नका, ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली गेलं तर पालेभाजीची वाट बघत बसू नका, लगेच मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. शुगर किंवा बीपी निघालं असेल तर वरच्या ताटातलं काय ठेवायचं, काय कमी करायचं ते डॉक्टरलाच विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, मजुरी बुडते म्हणून टाळू नका, कार्ड सोबत न्या आणि घरी खरंच काय खाल्लं जातं ते सांगा.