टोपणनावाने लिहिताय? मग या चुका टाळा

मराठी साइट्सवर टोपणनावाने लिहायची पद्धत जुनीच आहे. मायबोली १९९६ ची, मनोगत-मिसळपाव त्यानंतरचे, आणि तिथे खऱ्या नावाचा आग्रह कुणी धरत नाही ते फार बरं आहे, कारण घटस्फोट, डिप्रेशन, सासरचा त्रास, ऑफिसातला छळ हे सगळं खऱ्या नावाने कोण लिहिणार हो? "नाव लपवता म्हणजे घाबरता" असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर ओळख पटवूनच कॉमेंट करायची असा कायदा आणला, शिवीगाळ काही फारशी थांबली नाही, २०११ मध्ये एकाच कंपनीकडे साठलेली साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने तो कायदाच रद्द केला.

तेव्हा नाव खुशाल लपवा. पण आयडी एकच ठेवा. वादात एकटं पडलं की लगेच डूआयडी (म्हणजे दुसऱ्या नावाचं डुप्लिकेट खातं) काढायचा आणि स्वतःच्याच प्रतिसादाला +१, म्हणजे "सहमत", द्यायचं, हा प्रकार निरुपद्रवी वाटतो पण नाहीये. कुणीतरी खरंच अडलेला माणूस औषधाबद्दल नाहीतर घराच्या व्यवहाराबद्दल विचारायला आलेला असतो, त्याला वाटतं चारजण एकच सांगताहेत, आणि तो त्यावर निर्णय घेऊन मोकळा होतो. शिवाय लिहायची ढब लपत नाही, जुने लोक दोन ओळीत ओळखतात.

त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचं खरं नाव फोडणं. गटगला (साइटवरच्या लोकांच्या गेट-टुगेदरला) भेटल्यावर कळलेलं नाव, व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विश्वासाने सांगितलेली नोकरी, हे भांडणाच्या भरात चर्चेच्या धाग्यावर ओतायचं नसतं, कितीही डोकं फिरलं तरी. व्यनिचे स्क्रीनशॉटसुद्धा नाही. "सूचक" लिहिणंही तेच, "आम्हाला माहितीये तुम्ही कुठल्या बँकेत बसता" वगैरे. नंतर माफी मागता येते पण फुटलेलं नाव परत झाकता येत नाही.

स्वतःची ओळख मात्र आपण स्वतःच हप्त्याहप्त्याने देत असतो, एका धाग्यात गाव, दुसऱ्यात मुलीची शाळा, तिसऱ्यात बाल्कनीतला फोटो. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख यूजर्सचे सर्च नावं काढून नुसते नंबर घालून खुले केले होते, तरी पत्रकारांनी त्या सर्चवरूनच एका वयस्कर बाईंना शोधून काढलं. म्हणून नाजूक विषयावर लिहिताना गाव, वय, मुलांची संख्या थोडी बदलून लिहा, इन्स्टाचं नाव इथे वापरू नका, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा.

आणि पोलिसांना आपण सापडणारच नाही या भ्रमात राहू नका. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे साइटला रजिस्ट्रेशनची माहिती खातं बंद केल्यावरही १८० दिवस ठेवावी लागते. ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याबद्दलचं आयटी कायद्यातलं ६६अ कलम २०१५ मध्ये गेलं, पण बदनामी अजून गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६.

आता बिघडलंच तर काय करायचं?

तुमचा प्रतिसाद कुणाला लागला असेल तर तो गुपचूप उडवू नका, खालची उत्तरं मग लोंबकळत राहतात आणि समोरचाच वेडा दिसतो. त्याच्याखाली "चुकलं, शब्द मागे घेतो" एवढं लिहा. "हघ्या" किंवा "दिवा घ्या" (म्हणजे हलके घ्या) लिहिल्याने टोमणा काही सौम्य होत नाही.

तुमचं नाव कुणी फोडलं तर धाग्यावर हो किंवा नाही काहीच म्हणू नका, कारण चिडून दिलेलं उत्तर म्हणजे कबुलीच धरतात लोक. आधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, मग अ‍ॅडमिनला लिहून तो प्रतिसाद उडवायला सांगा, हा क्रम उलटा झाला तर पुरावाच जातो. धमकी असेल तर तोच स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा.