सोलमध्ये राहताय? मग के-पॉपसाठी एक अख्खा दिवस असा काढा

सोलला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मराठी पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो, के-पॉपवाल्या जागा बघायच्यात तर सुरुवात कुठून करू. आणि बहुतेक जण काय करतात तर के-पॉप ग्रुप चालवणाऱ्या कंपन्यांच्या बिल्डिंगांची यादी काढतात, हाइब योंगसानला, एसएम सोंगसूला, वायजी हापजोंगला, जेवायपी तर पार तिकडे गांगदोंगला, आणि मग दिवसभर मेट्रोत बसून या टोकापासून त्या टोकाला. माझं स्पष्ट मत आहे की असं करू नका. ही सगळी ऑफिसं आहेत, दारात सिक्युरिटी, आत कोणी सोडत नाही, बाहेरून काचेचा फोटो काढायचा आणि परत फिरायचं. हाइबच्या बिल्डिंगमध्ये आधी म्युझियम तरी होतं, तेही २०२३ च्या जानेवारीत बंद झालं. खरं बघण्यासारखं जे आहे ते फॅन लोकांनी स्वतःच्या खिशातून उभं केलेलं असतं, कॅफे, स्टेशनातल्या जाहिराती, अल्बममध्ये निघणाऱ्या फोटोकार्डांची अदलाबदल, आणि ते कायमचं नसतं, चार दिवस असतं आणि उतरतं. म्हणून आधी कॅलेंडर उघडा, नकाशा नंतर.

इथेच तुमचा फायदा आहे. टुरिस्ट माणूस तिकीट मिळेल तेव्हा येतो, तुम्ही इथेच राहता, तारीख तुम्ही निवडू शकता. ग्रुपमधल्या आपल्या आवडत्या मेंबरचा वाढदिवस ज्या आठवड्यात येतो तो आठवडा पकडा, साधारण वाढदिवसाच्या आसपासच्या शनिवार-रविवारी सगळ्यात जास्त वाढदिवसाचे कॅफे, म्हणजे फॅननी त्या मेंबरच्या फोटोंनी सजवलेले कॅफे, लागलेले असतात. कोणी एक ठरलेला नसेल आणि नुसतंच वातावरण बघायचं असेल तर सप्टेंबर घ्या, १ तारखेला बीटीएसचा जंगकुक, १२ ला आरएम, १४ आणि १५ ला स्ट्रे किड्सचे हान आणि फेलिक्स लागोपाठ, २२ ला सुंगमिन, म्हणजे महिनाभर काही ना काही चालूच. हवाही तोपर्यंत जरा बरी होते. फक्त छुसोकची, म्हणजे कोरियन सुगीच्या सणाची, सुट्टी कधी आहे ते बघून घ्या, ती कधी सप्टेंबरमध्ये येते कधी ऑक्टोबरमध्ये, आणि त्या दिवसांत बरीच छोटी दुकानं बंद असतात.

कॅफे शोधायचे कसे, तर एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, मेंबरचं नाव कोरियनमध्ये टाकायचं आणि पुढे 생일카페, उच्चार सेंगिल खाफे, लोक थोडक्यात सेंगखा म्हणतात. पोस्टरवर तारीख, वेळ, पत्ता आणि काय घेतल्यावर काय मिळणार ते सगळं लिहिलेलं असतं. पत्ते एका जागी जमवा आणि नेव्हर मॅप या कोरियन नकाशा अॅपमध्ये सेव्ह करा, गूगल मॅपच्या भरवशावर राहू नका, इथे त्यात चालायचा रस्ता नीट मिळत नाही. बहुतेक कॅफे होंगदे, हापजोंग, मांगवोन या पट्ट्यातच निघतील, म्हणून दिवसाचा पाया तोच धरायचा.

आता वार. जमलं तर शुक्रवार, एक सुट्टी टाका. शुक्रवारी केबीएस या टीव्ही चॅनेलवर म्युझिक बँक हा गाण्यांचा कार्यक्रम असतो, आणि त्या दिवशी सकाळी यॉइदोच्या केबीएस बिल्डिंगपाशी आयडॉल, म्हणजे के-पॉप कलाकार, गाडीतून उतरून आत जातात, प्रेसचे फोटोग्राफर शिड्या लावून उभे असतात, आणि मागे फॅन. मेट्रोच्या ९ नंबर लाईनवर नॅशनल असेंब्ली स्टेशनला उतरायचं, तिथून चालत. त्या आठवड्यात कोणाकोणाचं परफॉर्मन्स आहे ती यादी आधी बघून जा, उगीच थंडीत उभं राहण्यात अर्थ नाही. दिसतं लांबूनच, काही सेकंद, हात हलवून आत. पण नुकतं डेब्यू केलेले ग्रुप असतात ना, ते सगळे एका ओळीत वाकून नमस्कार करतात तेव्हा त्यांचे आवाज कापत असतात, ते टीव्हीवर कधीच कळत नाही. त्यासाठी तरी एकदा जाच. प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला आत बसायचं असेल तर तो वेगळा कारभार आहे, ऑफिशियल फॅन क्लबची मेंबरशिप, नवा अल्बम घेतल्याचा पुरावा, ओळखपत्र, हे सगळं लागतं आणि नंबर लागला तरच. एलियन कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशांचं इथलं ओळखपत्र, कायम जवळ ठेवा, कुठे कधी मागतील सांगता येत नाही.

तिथून ९ नंबरनेच दांगसान आणि दांगसानला २ नंबरची हिरवी लाईन बदलून एकच स्टेशन हापजोंग. ही गाडी जमिनीच्या वरून हान नदीवरच्या पुलावरून जाते, दाराजवळ उभे राहा. भाडं टी-मनी कार्डने १,५५० वोन बेस आहे आणि मेट्रो-बस बदलताना परत पूर्ण भाडं कापलं जात नाही, फक्त बसमधून उतरतानाही कार्ड टॅप करायचं विसरू नका.

हापजोंगला पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा होतील आणि कॅफे साधारण तेव्हाच उघडतात. पुण्यात गणपतीत आपण कसं एका मंडळाचा देखावा बघून लगेच पुढच्या मंडळाकडे निघतो, अगदी तसंच इथे लोक एका कॅफेतून दुसऱ्या कॅफेत फिरत असतात, हातात कागदी पिशवी, गळ्यात कार्ड होल्डर. आत शिरलात की भिंतभर त्या मेंबरचे फोटो, लहानपणचे, शाळेतले, स्टेजवरचे, फुगे, एका कोपऱ्यात केक आणि मोठा कटआउट, टीव्हीवर त्याचेच व्हिडिओ चालू. काउंटरवर जाऊन ड्रिंक घ्यायचं, एका माणसाने एक तरी ड्रिंक घ्यायचंच हा नियम आहे, साधारण पाच ते सात हजार वोन. त्याबरोबर कप स्लीव्ह मिळते, म्हणजे कपाभोवती गुंडाळायची छापील पट्टी, आणि बरेचदा फॅनने काढलेल्या फोटोंची कार्डं, स्टिकर, पोस्टकार्ड. लकी ड्रॉ पण असतो, त्याचे वेगळे पैसे. स्लीव्ह शक्यतो कपाला लावूच नका, कोरडीच मागून घ्या, कारण आइस अमेरिकानोच्या कपाला पाणी सुटतं आणि पट्टीचा लगदा होतो. एक ए-फोर साईजचं कडक फोल्डर बॅगेत टाकून निघालात तर सगळं सपाट राहतं.

हे सगळं करणारी माणसं कोण, तर दोन-चार मैत्रिणी मिळून केलेलं असतं, स्वतः पैसे जमवून, स्वतः डिझाईन करून, प्रिंट करून, आणि काउंटरच्या बाजूला उभं राहून गर्दी सांभाळणारी मुलगी बहुतेक तीच होस्ट असते. तिच्याशी दोन शब्द बोला. छान सजवलंय एवढं कोरियनमध्ये म्हटलं, येप्पोयो, तरी चेहरा खुलतो. भारतातून आलोय म्हटल्यावर तर दोन स्टिकर जास्तच देतात. फोटो काढताना दुसऱ्याचा चेहरा येऊ देऊ नका, साजिन च्चिगोदो द्वेयो असं विचारून मग काढा.

जेवणाचं आताच सांगते कारण यात आपल्या लोकांचे हाल होतात. शाकाहारी असाल तर बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मागवा आणि कोगी प्पेगो चुसेयो म्हणा, म्हणजे मांस काढून देतात, पण किमचीत बहुतेक वेळा माशाचा किंवा कोळंबीचा अंश असतो हे लक्षात ठेवा, कडक पाळणाऱ्यांनी ती बाजूला ठेवावी. उपवास असेल तर डब्यात घरूनच काही न्या, कॅफेत बाहेरचं खाणं चालत नाही, मांगवोनकडे चालत गेलात तर नदीकाठी हानगांग पार्क आहे तिथे बसून खा.

वायजीची बिल्डिंग हापजोंगहून चालत आहे आणि समोरच त्यांचा स्वतःचा द सेम नावाचा कॅफे आहे, ब्लॅकपिंक किंवा ट्रेजर हे त्यांचे ग्रुप आवडत असतील तर जा, नाहीतर सोडा. तिथून होंगदेपर्यंत चालतच जा, एकच स्टेशनचं अंतर आहे आणि वाटेत आणखी कॅफे लागतात.

होंगदे स्टेशनच्या आत, म्हणजे होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशनच्या भुयारी रस्त्यात, जाहिरातींचे मोठे पॅनेल असतात आणि त्यातले कितीतरी फॅननी पैसे काढून लावलेले वाढदिवसाचे असतात. घाईत पुढे जाऊ नका. काही पॅनेलच्या कडेला चिकट कागदांवर लोकांनी लिहिलेलं असतं, कोरियन, थाई, जपानी, स्पॅनिश, सगळ्या भाषा. छोटं पॅड आणि पेन जवळ ठेवा आणि मराठीतही लिहा, आपली लिपी तिथे दिसली पाहिजे. फक्त चेहऱ्यावर चिकटवायचं नाही, कडेलाच.

मग अल्बमची दुकानं. होंगदेच्या एके मॉलमध्ये विथम्यू आहे, आजूबाजूलाही बरीच आहेत, म्योंगदोंगच्या भुयारी मार्केटमध्येही आहेत. घेताना दोन गोष्टी विचारा, एक म्हणजे ही विक्री हांतो चार्टमध्ये, म्हणजे अल्बम विक्रीच्या यादीत, धरतात का, कारण पहिल्या आठवड्याचा आकडा इथे फार महत्त्वाचा मानतात आणि आपली खरेदी त्यात जावी असं वाटत असेल तर दुकान त्या यादीतलं लागतं, आणि दुसरं म्हणजे या दुकानाचं स्वतःचं खास कार्ड मिळतं का. अल्बम साधारण पंधरा ते वीस हजार वोन, म्हणजे हजार वोनला साठएक रुपये धरून हिशोब करा. दुकानाबाहेर कधीकधी कार्ड काढून घेऊन टाकून दिलेले अल्बम पडलेले दिसतात, ते बघून खूप वाईट वाटतं. एक घ्या, तुमचं हवं ते कार्ड नाही निघालं तर बदलून घ्या, दहा अल्बम फोडायची काहीच गरज नाही.

बदलणं हाच माझ्या मते दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग. दुकानाच्या दारात किंवा कॅफेच्या रांगेत पोरी बाइंडर, म्हणजे कार्डं लावलेली वही, उघडून उभ्याच असतात. फोका क्योह्वान हाशिल्लेयो, म्हणजे फोटोकार्ड बदलायचं का, एवढं वाक्य पाठ करा. फोका म्हणजे फोटोकार्ड. समोरची व्यक्ती तुमची पानं उलटते, तुम्ही तिची, मग दोघी आपापलं कार्ड प्लॅस्टिकमधून अर्धं बाहेर काढून उजेडात तिरकं धरतात, चारही कोपरे, पृष्ठभागावर ओरखडा, कडेला छपाईचा पांढरा ठिपका, काही असेल तर स्वतःहून दाखवायचं, लपवायचं नाही. कार्डाच्या छापील बाजूला बोट लावायचं नाही, कडेला धरायचं. पटलं तर दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं. नाही पटलं तर मान वाकवून थँक्यू, कोणी रागवत नाही. मोठ्या किमतीचं दुर्मिळ कार्ड पहिल्याच दिवशी रस्त्यात विकत घेऊ नका, बनावट कार्डं भरपूर फिरतात, आधी हातात पाच-पन्नास खरी कार्डं येऊ द्या म्हणजे कागदाची जाडी आणि रंग आपोआप कळायला लागतात.

संध्याकाळी होंगदेच्या रस्त्यावर डान्स ग्रुप उतरतात, गोल करून लोक उभे राहतात आणि गाणी लागली की बघणाऱ्यांमधलेही काही जण मध्ये येऊन नाचतात. आधी फोटो बूथमध्ये चार फोटोंची पट्टी काढून घ्या, काही बूथमध्ये आयडॉलच्या फ्रेम असतात, आणि शेवटी कॉइन नोरेबांग, म्हणजे नाणी टाकून गायची कराओके खोली, हजार वोनमध्ये दोन-चार गाणी होतात, एकटं गेलं तरी चालतं, छोटी खोली असते.

ज्यांना सोंगसूची बाजू हवी त्यांनी ती वेगळ्या दिवशी करा, एका दिवसात दोन्ही कोंबू नका. सोल फॉरेस्ट स्टेशनपाशी एसएमची बिल्डिंग आणि खाली त्यांचं दुकान, मग सोल फॉरेस्ट पार्कमध्ये फॅननी देणगी देऊन नावं लावलेली बाकं शोधत फिरायचं, आणि त्या स्टेशनच्या पिवळ्या लाईनने नदीखालून एक स्टेशन गेलं की आपगुजोंग रोदेओ, तिथे रस्त्याकडेला ग्रुपांच्या नावाचे अस्वलांचे पुतळे उभे आहेत. पुढे गांगनाम-गू ऑफिसला ७ नंबर बदलून हाकदोंग, तिथे यूजोंग शिकदांग नावाची साधी खानावळ आहे, बीटीएस ट्रेनी असताना इथे जेवायचे, भिंती सगळ्या त्यांच्या फोटोंनी भरल्यात. तिथली खासियत म्हणजे गरम दगडी भांड्यातलं पोर्कचं बिबिंबाप, पोर्क चालत नसेल त्यांनी आधी विचारून घ्यावं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. कोणी आयडॉल कुठे राहतो, कोणत्या जिमला जातो, विमानतळावर कोणत्या फ्लाईटने येतो असले पत्ते कोणी पैसे घेऊन देत असेल तर घेऊ नका आणि मित्रमैत्रिणींनाही घेऊ देऊ नका. घराबाहेर, डॉर्मबाहेर उभं राहणं म्हणजे त्या माणसाला छळणं आहे. कॅफेत, स्टेजवर, ऑफिशियल ठिकाणी भेटा, तेवढं पुष्कळ आहे.

परतीचं बघायचं तर मेट्रो साधारण बाराच्या आसपास बंद होते, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला त्याआधीच, आणि लाईन बदलायची असेल तर शेवटची गाडी दोन्हीकडची तपासा. सहा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहत असाल तर दुकानात टॅक्स रिफंड मिळत नाही, टुरिस्ट मैत्रीण बरोबर असेल तर तिने तिचं तिच्या पासपोर्टवर घ्यावं. आणि घरी मुंबई-पुण्याला कोणासाठी लाईटस्टिक, म्हणजे कॉन्सर्टमध्ये हलवायचा ग्रुपचा दिवा, पाठवायची असेल तर कोणी जाणारं असेल त्याच्याबरोबर द्या, सेल काढून, मूळ खोक्यात, वर मऊ कपडे गुंडाळून, कारण वरचा गोळा एकदा तडकला की त्याला काही उपाय नाही.