पेट्रोलच्या वाफेचा वास: नोंद कशी ठेवावी, तक्रार कशी करावी

सोलापुरात तेलशुद्धीकरण कारखाना नाही; मात्र मुंबईहून पुण्यामार्गे येणारी हिंदुस्तान पेट्रोलियमची इंधनवाहिनी शहराशेजारच्या पाकणीपर्यंत पोहोचते आणि तिथून टँकर भरून पंपांकडे जातात. त्यामुळे मुंबईत तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी राहणाऱ्या चेंबूर-माहुलच्या रहिवाशांना ज्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांची (सहज वाफ होणाऱ्या कार्बनयुक्त रसायनांची) धास्ती असते, त्यांतली बेंझीन, टोल्युइन, झायलीन ही संयुगे, प्रमाण कमी असले तरी, साठवण टाक्या आणि पेट्रोल पंप यांच्या आसपासच्या हवेतही मिसळतात. यांत बेंझीन सर्वांत घातक, कारण त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे.

मोबाइलवर दिसणाऱ्या हवा गुणवत्ता निर्देशांकावर विसंबून राहू नये. त्या आकड्यात धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड असे आठ घटक मोजले जातात. बेंझीन त्यांत नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे, पण ती मर्यादा पाळली जाते की नाही, हे निर्देशांकाच्या हिरव्या-पिवळ्या रंगावरून कळत नाही. नाकावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण शुद्ध बेंझीनचा वास जाणवेपर्यंत त्याचे प्रमाण या मर्यादेच्या शेकडो पटींनी वर गेलेले असते. म्हणून वास येणे हा धोक्याचा इशारा मानावा. वास नाही म्हणजे हवा स्वच्छ, असे मात्र धरू नये.

पहिले काम वहीचे. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा, तीव्रता ० ते ३, किती वेळ टिकला, त्या वेळी आसपास काय चालू होते, एवढे रकाने पुरेत. वाऱ्यासाठी यंत्र लागत नाही. यंत्रमागाच्या सुताचा हातभर तुकडा गच्चीवरच्या काठीला बांधला, तर मंद वाऱ्यातही तो हलतो. सुताचे मोकळे टोक नैऋत्येला गेले, तर वारा ईशान्येचा लिहावा, कारण वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचे नाव देतात. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘१२ जानेवारी, सकाळी ६.४०, वारा ईशान्येचा, पेट्रोलचा वास, तीव्रता २, सुमारे २० मिनिटे, पंपावर टँकर खाली होत होता.’ वास न आलेल्या दिवसांचीही नोंद हवी. त्याशिवाय वारा आणि वास यांचा संबंध दाखवता येत नाही. घरात बसून नाक सरावते, म्हणून बाहेरून आल्या आल्या वास पाहावा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर असते व जड वाफ तिथेच साचते, म्हणून त्या वेळेची नोंद चुकवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात टाक्यांतली वाफ वाढते आणि दुपारी तिच्यापासून ओझोनही तयार होतो.

टँकर खाली होताना, शक्य असेल तर रस्त्यावरूनच, एक गोष्ट पाहावी: टाकीला एकच नळी जोडली आहे की दोन. जितके लिटर पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत उतरते, साधारण तितकीच वाफ तिथून बाहेर ढकलली जाते. दुसरी नळी असेल तर ती वाफ टँकरमध्ये परत जाते, नसेल तर व्हेंट पाइपमधून, म्हणजे टाकीची हवा बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळातून, हवेत सुटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवा पंप शाळा, दहा वा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी भागापासून ५० मीटर दूर असावा; अडचण असेल तेव्हाही ३० मीटरच्या आत तो येऊ नये.

हवेतली वाफ मोजणाऱ्या स्वस्त मीटरच्या नादी मी लागलो होतो. स्वयंपाकघरात फोडणी पडताच त्याचा आकडा उसळायचा आणि उदबत्तीने तर तो लालच व्हायचा, कारण ही यंत्रे सगळ्या वाफा एकत्र मोजतात. एकाच ठिकाणचा चढउतार पाहण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. तक्रारीत तो आकडा पुरावा म्हणून देऊ नये. बेंझीन वेगळे मोजायचे तर शोषक नळीत (वाफ धरून ठेवणारा पदार्थ भरलेल्या नळीत) हवेचा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा लागतो. तो खर्च वहीत ठरावीक वारा आणि ठरावीक वेळ स्पष्ट दिसू लागल्यावरच, शेजाऱ्यांनी वर्गणी काढून करावा.

वास अचानक तीव्र झाला, डोळे चुरचुरले किंवा गरगरू लागले, तर वही बाजूला ठेवावी. काडी ओढू नये, विजेचे बटण दाबू नये, वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे आणि तिथून ११२ वर फोन करावा.

एरवी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ‘फार त्रास होतो’ या वाक्यापेक्षा ‘गेल्या ६० दिवसांपैकी २२ दिवस, बहुतेक ईशान्य वाऱ्यात’ असे वाक्य अधिकाऱ्याला पाहणीची वेळ ठरवायला उपयोगी पडते. सोबत माहितीच्या अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या आस्थापनेला मंडळाने दिलेल्या संमतिपत्राची (परवानगीची) प्रत आणि वाफ रोखण्याच्या यंत्रणेचे तपासणी अहवाल मागावेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. तक्रारीला वहीची झेरॉक्स जोडावी. मूळ वही घरीच ठेवून नोंदी चालू ठेवाव्यात, कारण पाहणीच्या दिवशी वास नसला, तर मागची पानेच उघडून दाखवावी लागतात.